ड्रमनं हुकूम द्यायचा नसतो

बँडसरांच्या शेजारून पहिल्यांदा चालणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, ते खड्डा चुकवतायत. चार-दोन पावलं झाली, की मधेच मागचा पाय पुढच्या पायाच्या टाचेशी आणून ते एक बारीकशी उसळी घेत आणि पुन्हा चालू लागत. खड्डा नसायचाच. त्यांचं डावं पाऊल पडताना शेजारच्याचं उजवं पडत असेल, तर ते त्यांना सहन होत नसे, एवढंच. लष्करात याला 'कदम बदल' म्हणतात. सर लष्करी बँडमधून निवृत्त होऊन आमच्या शाळेत आले होते. बाकी पुष्कळ गोष्टी तिथंच ठेवून आले असतील, पण ही त्यांनी बरोबर आणली होती.

शेजारी कोण आहे, याचा ते विचार करत नसत. मुख्याध्यापिका सिस्टर असोत, शिपाई असो, नाहीतर भाजीची पिशवी घेतलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू असोत, पाऊल बदलायचं ते सरांनीच. समोरच्याला 'तू बदल' असं ते कधी म्हणाले नाहीत. भिंगारमध्ये शेजारच्या अण्णांच्या अंत्ययात्रेत ते खांदेकऱ्यांच्या पुढे चालत हलक्या आवाजात 'डावा... डावा...' म्हणत गेले होते. ऐकायला विचित्र वाटतं. पण त्या घरची मंडळी अजून सांगतात, की अण्णांना शेवटपर्यंत एकही हिसका बसला नाही.

सर कुणाला नावानं हाक मारत नसत. नाव आई-बाप पोराला न बघताच ठरवून ठेवतात, वाद्य मात्र माणूस बघून द्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. शिपाई म्हणजे झांज, कारण दिवसातून मोजक्या वेळा वाजायचा, पण वाजला की सगळे दचकायचे. काकू म्हणजे बिगुल. "बिगुल झालं, निघतो," असं म्हणून ते दुपारी डबा खायला घरी जात. मी वर्गातली सगळ्यात बारीक मुलगी होते आणि मला ते 'बिग ड्रम' म्हणत.

आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. आवारात मराठी बोललं की नाव फळ्यावर लागायचं. मैदान तेवढं सुटलेलं होतं, कारण मैदानावर सर होते. सिस्टरनी एकदा त्यांना आमच्या देखत बजावलं, "सर, प्लीज, मुलांशी इंग्लिशमध्ये बोला." सर सावधानमध्ये उभे राहिले.

"सिस्टर, इंग्लिश चालायला लई चांगली हाय. लेफ्ट-राइट तिच्यातच बसतं. पन पोरगं पडलं तर 'आई गं' मराठीतच म्हनतं. मंग मला कळाया नको?"

सिस्टर हसल्या नाहीत, पण पुन्हा त्या विषयावर बोलल्याही नाहीत.

मला घरची मराठी येत होती, शाळेची इंग्रजी येत होती. बोलता मात्र कुठल्याच भाषेत येत नव्हतं. बँडसाठी निवड होती त्या दिवशी सरांनी सगळ्यांना ओळीत उभं करून आपापलं नाव ओरडून सांगायला लावलं. आवाजावरून त्यांना छातीचा अंदाज यायचा. माझी पाळी आली आणि माझा घसा बंद झाला. मागून कुणीतरी हसलं. सर माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, धीरही दिला नाही.

"नाव न्हाई सांगायचं? बरं," ते म्हणाले. कोपऱ्यातला सगळ्यात मोठा ड्रम त्यांनी उचलला आणि पट्टे आवळून माझ्या छातीवर चढवला. मला माझे पाय दिसेनासे झाले. "आरं, ढोल चालला! पोरगी कुठंय?" असं मुलं ओरडायला लागली.

सरांनी त्या सगळ्यांना तीन रांगांत उभं केलं आणि मला टोले द्यायला सांगितलं. रांगा चालू लागल्या. मैदानाच्या मध्यावर त्यांनी मला हातानं थांबवलं. मी थांबले. पुढच्या रांगेचं पाऊल चुकलं, मागची रांग तिच्या टाचांवर चढली, आणि जो मुलगा सगळ्यात जास्त हसला होता त्याचा बूट निघाला.

"बघितलंस?" सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले. "तू गप झालीस की हे असं हुतं."

मला आयुष्यात तोवर कुणीही असं सांगितलं नव्हतं.

पुढे एकदा मार्चपास्टच्या सरावात मी रंगात आले आणि वेग वाढवला. सगळी शाळा धावायला लागली. सर काठी घेऊन आले. काठी म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्याच्या हातात असते ती, उंच, चंदेरी मुठीची. ती वर गेली, आडवी झाली, खाली आली, की बँडनं त्याप्रमाणे करायचं असतं.

"कुनी सांगितलं पळायला?"

मी काठीकडे बघितलं.

"हुकूम काठीचा. चाल कशी धरायची, कुठं थांबायचं, ते काठी ठरवनार. तू फक्त समद्यांचं डावं पाऊल एका टायमाला पाडायचं. ड्रमनं हुकूम द्यायचा नसतो." मग थोडं थांबून म्हणाले, "पन ड्रम न्हाई तर हुकूम कुनाच्या पायापत्तुर पोचत बी न्हाई. ध्यानात ठिव."

सोनई हे सरांचं गाव. तिथल्या एका लग्नाची हकिगत त्यांच्या सगळ्या हकिगतींत वरची. वरात निघाली आणि डीजेचा जनरेटर बंद पडला. पोरं नाचायची थांबली, कुणी पानटपरीवर गेलं, कुणी सावलीला बसलं. मुहूर्त निसटायला आला तशी मुलीकडची माणसं रडकुंडीला आली. सरांनी खिशातून शिट्टी काढली, वऱ्हाडाला तिघा-तिघांच्या रांगांत उभं केलं, मामांना उजव्या बगलेला लावलं आणि 'तेज चल' दिलं. फेटे बांधलेली दीडशे-दोनशे माणसं एका पावलात मांडवात शिरली. सरांनी 'थम' म्हटल्यावर नवरदेवाच्या घोडीनंसुद्धा पाय थांबवला म्हणतात. लग्न मुहूर्तावर लागलं. त्या गावात असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे भटजी नेहमीच्या उशिराच्या हिशेबानं निघाले होते आणि मंगलाष्टकं म्हणतच धावत मांडवात शिरले. अक्षता पहिल्यांदा भटजींवर पडल्या.

मी पुण्याला शिकून नगरला परत आले आणि एका हॉस्पिटलच्या हृदयरोग विभागात तंत्रज्ञ म्हणून लागले. ईसीजी काढायचा, डॉक्टर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना मदत करायची, पेसमेकर बसवलेल्या लोकांची यंत्रं तपासायची. कामात बोलावं कमी लागतं आणि बघावं जास्त. मला ते जमतं.

सरांच्या बातम्या अधूनमधून कानावर यायच्या. सरांचे बूट आटले, ही त्यातलीच एक. नगरच्या कोरड्या हवेत चामडं आटतं, असं त्यांनी काकूंना पटवून दिलं होतं आणि ते चपला घालून फिरत होते. दुसरी बातमी अशी, की सर आता खुर्चीत बसूनच झोपतात. विचारलं तर म्हणत, "ड्यूटीवरची सवय. आडवं झालं की झोप जाती." तिसरी बातमी कॉर्नेटची. कॉर्नेट म्हणजे आखूड तुतारीसारखं त्यांचं स्वतःचं पितळी वाद्य. त्यातून पूर्वीसारखा लांब सूर निघेना. सरांनी ठरवून टाकलं, की कॉर्नेटला गळती लागलीय. बाजारातल्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे त्यांनी ते दिलं. त्यानं ठीकठाक करून परत दिलं. सूर तेवढाच. सरांनी पुन्हा नेऊन दिलं, भांडले, पुन्हा आणलं. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्यानं कॉर्नेट पाण्यात बुडवून, फुंकून दाखवलं. एकही बुडबुडा आला नाही.

"सर, बाजा चांगला हाय," तो म्हणाला. "फुकनारा तपासून घ्या."

अशा रीतीनं सर आमच्याकडे आले. काकू पुढे, सर मागे. पायांत चपला, घोटे सुजलेले, आणि वाक्याच्या मधे श्वासासाठी थांबणं. मला बघून म्हणाले, "बिग ड्रम... इथं हाय व्हय?"

मी त्यांना ईसीजीच्या खोलीकडे घेऊन निघाले. व्हरांडा लांब आहे. माझं डावं पडत होतं तेव्हा त्यांचं उजवं पडत होतं. मी वाट बघितली. एक खिडकी गेली, दुसरी गेली. सर पाऊल बदलेनात. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. तेव्हा मी मागचा पाय टाचेशी आणला, बारीकशी उसळी घेतली आणि माझं पाऊल त्यांच्या पावलाशी जुळवलं. त्यांना तपासायच्या आधीच मला कळलं होतं, की आजार साधा नाही.

ईसीजीच्या कागदावर प्रत्येक ठोका नको तेवढा रुंद उमटला होता. इकोमध्ये कारण दिसलं. हृदयाचा ठोका हा मुळात विजेचा इशारा असतो. तो वरून निघतो आणि खालच्या दोन्ही कप्प्यांना एकदम पोचायला हवा. सरांच्या हृदयात डावीकडची वाट अडली होती. उजवी बाजू वेळेवर आवळली जात होती, डावी मागून. मधली भिंत आत येई तेव्हा समोरची अजून बाहेरच, आणि ती येईपर्यंत ही परत निघालेली. हृदय थकून मोठं आणि सैल झालं होतं. रक्त पुरेसं पुढे जात नव्हतं, म्हणून पाणी पायांत आणि फुफ्फुसांत साठत होतं. मी पडद्याकडे बघत राहिले. ज्या माणसानं दुसऱ्याचं चुकलेलं पाऊल एक क्षण खपवून घेतलं नाही, त्याच्या छातीत हे चाललं होतं.

औषधं सुरू झाली. मीठ तुटलं, पाणी मोजून आलं. रोज सकाळी वजन करायचं होतं. सर काट्यावर सावधानमध्ये उभे राहतात, असं काकूंनी सांगितलं. काही महिन्यांत सूज उतरली आणि बूट 'फुगून' पुन्हा बसायला लागले. दम मात्र हटेना. घरातल्या घरात न्हाणीपर्यंत गेले तरी बसावं लागे. पुन्हा इको केला. हृदय होतं तसंच. डॉक्टरांनी सर आणि काकूंना समोर बसवलं. आमचे डॉक्टर तरुण, हुशार आणि घाईनं बोलणारे. सरांनी पहिल्याच भेटीत त्यांचं नाव 'साईड ड्रम', म्हणजे बँडमधला छोटा, भराभर वाजणारा ड्रम, असं ठेवलं होतं.

"आजोबा, औषधांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं. आता एक खास पेसमेकर बसवू. छोटं यंत्र आहे, कॉलरबोनच्या खाली कातडीच्या आत बसतं. मग तुमच्या हृदयाला ते यंत्र ताल देईल."

सर उठून उभे राहिले. उठायला वेळ लागला, पण उभे राहिले.

"साईड ड्रम, मी आख्खी जिंदगी... लोकान्ला ताल दिला. आता छातीत डबी घालून... तिच्या तालावर चालू? न्हाई जमायचं."

"आजोबा, ऐका तरी. नाही बसवलं तर हृदय आणखी थकत जाईल. फार वाट बघण्यासारखं नाहीये."

"थकू द्या की. माझ्या तालात थकंल."

खर्चाचा प्रश्न नव्हता, माजी सैनिकांना सवलत असते. भीतीचाही नव्हता. सर निघून गेले आणि पुढच्या तारखेला आले नाहीत. काकू एकट्या आल्या, औषधं न्यायला.

"जन्मभर साऱ्या जगाच्या पावलाला पाऊल जुळवत हिंडले," त्या मला म्हणाल्या. "आता सवताच्या काळजाचं जुळवायचं, तर मान आडवा येतो. डॉक्टर बोलून दमले. पोरगा फोनवर रडला. माझं तर ऐकतच नाहीत. मी बिगुल. जेवायला या म्हटलं तर येतील, तेवढंच."

माझ्याकडे बघून त्या थांबल्या. मी बोलत नाही हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही.

रविवारी मी भिंगारला त्यांच्या घरी गेले. सर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. बूट घातलेले, पॉलिश केलेले, आणि कुठेही जायचं नसलेले. कॉर्नेट कपाटावर ठेवलं होतं, पिशवीत घालून. त्यांनी मान हलवून मला स्टुलावर बसायला सांगितलं. काय बोलायचं ते वाक्य मी येताना वाटेत ठरवलं होतं, पण आता निवडीच्या दिवशी झालं होतं तसंच झालं.

"काय गं," शेवटी तेच म्हणाले. "साईड ड्रमनं... पाठवलं का?"

"नाही, सर." आणि मग वाक्य सुटलं. "डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"यंत्र ताल देत नाही. चाल तुमच्याच हृदयाची. हुकूम वरूनच निघतो, तुमचाच. तो उजवीकडे वेळेवर पोचतो आणि डावीकडे उशिरा. मी बघितलंय, सर. पुढच्या रांगेचं पाऊल वेगळं पडतंय आणि मागची तिच्या टाचांवर चढतेय. प्रत्येक ठोक्याला. यंत्र तुमच्या हुकमाची वाट बघतं आणि तो आला, की दोन्हीकडे एकदम टोला देतं. तुम्ही हळू चाललात तर ते हळू. तुम्ही जोरात निघालात तर जोरात. फक्त दोन्ही पावलं एका टायमाला पाडायची, एवढंच त्याचं काम." थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "ड्रमनं हुकूम द्यायचा नसतो, सर. तुम्हीच सांगितलंय. आणि ड्रम नसेल तर हुकूम पोचत नाही, हेही तुम्हीच. तुम्ही माझ्या ड्रमवर सात वर्षं चाललात. तेव्हा ताल दुसऱ्याचा आहे, असं कधी म्हणाला नाहीत."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"म्हंजे काठी..." सरांनी श्वास घेतला. "काठी माझ्याच हातात?"

"तुमच्याच."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग बुटांकडे.

"मंग त्येला मशीन कशापायी म्हनतात? ड्रम म्हना की नीट." आणि आतल्या बाजूला तोंड करून, जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बिगुल! चहा टाक. आज बिग ड्रम बोलला."

यंत्र बसवताना पेशंट जागा असतो. तेवढा भाग बधिर करतात. तीन बारीक तारा शिरेतून हृदयात सोडायच्या असतात. दोन लवकर बसल्या. तिसरी अवघड, ती एका वाकड्या शिरेतून मागच्या बाजूनं डाव्या कप्प्यापर्यंत न्यावी लागते. डॉक्टर त्या दिवशी अजिबात घाईनं बोलले नाहीत. तार पुढे जाई, अडे, मागे येई. सर हिरव्या कापडाखाली स्थिर पडून होते. मी यंत्राच्या पडद्यासमोर होते. ठोके चालले होते, रुंद, फाटल्यासारखे.

"बसली," डॉक्टर म्हणाले. "दोन्हीकडे चालू करा."

मी चालू केलं. पुढचा ठोका आला तो अरुंद. त्याच्या मागचाही अरुंद. मग सगळेच, एकामागून एक, सरळ ओळीत.

कापडाखालून आवाज आला, "मिळाला का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर माझं होतं. मी ते त्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं दिलं. "मिळाला, सर! कदम मिळाला."

काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. सरांना त्याचं काही वाटलं नाही. "सॅल्यूट उजव्या हाताचा, काठी बी उजव्या हातात," ते म्हणाले. "देवानं डावीकडं जागा मोकळीच ठिवली हुती." यंत्र तेज चालीवर लावून द्या, अशी मागणी त्यांनी डॉक्टरांकडे दोनदा केली. डॉक्टरांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं, "चाल तुमची, आजोबा. आम्ही फक्त ड्रम दिलाय." हे वाक्य आता ते सगळ्या पेशंटांना सांगतात. कुणाकडून उचललं ते सांगत नाहीत. पण मला माहीत आहे आणि मला ते पुरतं.

सर पहिल्यासारखे झाले, असं मी म्हणणार नाही. गोळ्या आहेत, अळणी भाजी आहे, जिन्यात मधे थांबणं आहे. पण ते आडवं होऊन झोपायला लागले. कॉर्नेट पिशवीतून बाहेर आलं. पुढच्या इकोत दोन्ही भिंती जवळजवळ एकदम आत येताना दिसल्या. आणि यंदाच्या सव्वीस जानेवारीला शाळेनं त्यांना बँडच्या पुढे एक फेरी चालायला बोलावलं. डॉक्टरांनी हळू चालायच्या अटीवर परवानगी दिली. सरांनीही शाळेला एक अट घातली. "ड्रम माझाच पायजे."

मला पालकांच्या रांगेत उभं राहायचं होतं. त्याऐवजी मी मैदानाच्या मध्यावर होते आणि सगळं गाव बघत होतं. पट्टे पहिल्यासारखेच काचले. यावेळी मला माझे पाय दिसत होते.

शाळा नेहमी 'तेज चल'वर निघते. सरांनी 'धीरे चल' दिलं. मुलं गोंधळली. नव्या बँडशिक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी काठीकडे बघत होते. ती सावकाश वर गेली, तशीच सावकाश खाली आली. मी टोला दिला. पहिलं डावं पाऊल पडलं आणि मग सगळ्यांचं पडलं. वळणावर काठी आडवी झाली, 'कदम ताल', म्हणजे जागच्या जागी पाय. सगळी शाळा जागेवर पाय उचलत राहिली. लोकांना वाटलं, हे बसवलेलं आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सर पाठमोरे, ताठ, दम घेत होते. मी टोला जराही ढळू दिला नाही. मग काठी पुन्हा उभी झाली आणि आम्ही राहिलेली फेरी पूर्ण केली.

नंतर ड्रम उतरवून मी त्यांच्याबरोबर फाटकाकडे निघाले. काकू आणि नव्या मुख्याध्यापिका मागून येत होत्या. ड्रमचं ओझं उतरलं होतं, माझी पावलं कशीही पडत होती. आपलं डावं त्यांच्या उजव्यावर जातंय, हे मला उशिरा कळलं. बदलावं म्हणून मी पाय उचलला. तेवढ्यात सरांनी मागचा पाय टाचेशी आणला आणि बारीकशी उसळी घेतली.

"सांभाळून, सर!" मागून मुख्याध्यापिका म्हणाल्या. "खड्डा आहे का तिथं?"

"नाही," मी म्हणाले.